सातारा-सांगलीच्या हवेत इग्वानासाठी अंगणातला पिंजरा

हिरवा इग्वाना विकत मिळतो तेव्हा वीतभर असतो. तीन-चार वर्षांत तोच नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेचार-पाच फूट भरतो, वजन चार-पाच किलोंपर्यंत जातं, आणि नर असेल तर शेपटीच्या एका फटक्यात पोटरीवर वळ उठवतो. काचेच्या पेटीत तो मावत नाही. सातारा-सांगलीत त्याला वर्षातले बहुतेक दिवस बाहेर ठेवता येतं, कारण ऊन फुकट आणि भरपूर आहे. खरी अडचण हिवाळ्यातल्या रात्रीची, त्याखालोखाल एप्रिल-मेमधल्या दुपारची आणि जुलै-ऑगस्टमधल्या झडीची. म्हणून इथे जाळीपेक्षा रात्रीच्या खोलीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर जास्त लिहिलं आहे. पैसे कमी पडत असतील तर पिंजरा दोन फुटांनी लहान करा, पण रात्रीच्या खोलीत काटकसर करू नका.

खालची सगळी मापं एका पूर्ण वाढलेल्या प्राण्यासाठी आहेत. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात. नर-मादी ठेवली तर मादीला चावे बसतात आणि ती खाणं सोडते. एका पिंजऱ्यात एकच ठेवा.

आधी कागद

घोरपडीचा विचार डोक्यात असेल तर तो इथेच सोडा. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणं, पाळणं, उसातून उचलून आणून 'चार दिवस सांभाळणं', सगळंच गुन्ह्यात मोडतं, आणि शिक्षा किमान तीन वर्षं कैदेची आहे. जखमी घोरपड सापडली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा, एवढंच आपलं काम.

इग्वाना परदेशी प्राणी आहे, पण तो साइटिस कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. त्यानुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, मेला किंवा पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. विकणाऱ्याकडून पावती आणि त्याच्या स्वतःच्या नोंदणीची प्रत घ्या. 'कागद नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

जागा आणि दिशा

पिंजरा १० फूट लांब, ६ फूट रुंद. लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा. उंची पूर्वेला ८ फूट, पश्चिमेला ७ फूट, म्हणजे छताचं पाणी पश्चिमेला उतरतं. पश्चिमेची बाजू जोत्यापासून छतापर्यंत पूर्ण बंद. आपल्याकडे पावसाची सर आणि वारा दोन्ही पश्चिमेकडून येतात, आणि उन्हाळ्यात तीननंतरचं तिरपं, भाजणारं ऊनही तिकडूनच येतं. पूर्व, दक्षिण आणि उत्तर या तीन बाजूंना जाळी. छताचा दक्षिणेकडचा अर्धा भाग उघड्या जाळीचा, उत्तरेकडचा अर्धा पफ पॅनलचा (दोन पत्र्यांमधे फोम भरलेलं).

उघड्या जाळीबद्दल तडजोड नाही. इग्वानाला कॅल्शियम पचवायला ड-३ जीवनसत्त्व लागतं आणि ते त्याच्या कातडीत उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी तयार होतं. काच आणि पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा हे किरण अडवतात. वरून लख्ख उजेड दिसतो, प्राणी ऊबही घेतो, आणि सहा महिन्यांनी जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात, पाठीला बाक येतो. पावसाला भिऊन पूर्ण छत पारदर्शक पत्र्याचं केलं की हमखास हेच होतं.

काम सुरू करण्याआधी एक दिवस जागेवर सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावल्यांच्या कडा चुन्याने आखा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडे शेजाऱ्याचा दुमजली बंगला असेल तर उन्हाळ्यात उघडी वाटणारी जागा हिवाळ्यात दिवसभर सावलीत जाते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या अगदी पायथ्याला राहणाऱ्यांनी डोंगराची सावलीही धरावी. हिवाळ्यात दक्षिणेच्या अर्ध्या भागावर किमान चार तास थेट ऊन हवं.

कृष्णाकाठच्या लोकांसाठी पुराचा विचार वेगळा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या अंगणात त्या वर्षी पाणी आलं असेल तर पिंजरा खाली बांधा, पण रात्रीची खोली नटबोल्टवर बसवा म्हणजे ती काढून गच्चीवर नेता येईल. ४ फूट × दीड फूट × दीड फूट अशी वाहतुकीची पेटी आधीच करून ठेवा. पाणी ४० फुटांकडे सरकू लागलं की प्राणी हलवायचा. ४५ ची वाट पाहू नका, कारण तेव्हा रिक्षावाल्याला तुमच्या इग्वानासाठी वेळ नसतो.

तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात अजून एक गोष्ट. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांवर फवारण्या सुरू होतात आणि फवारा वाऱ्याने बराच लांब जातो. बागेला लागून पिंजरा नको. आणि द्राक्षाचा पाला फुकट मिळतो म्हणून आणून घालू नका; त्यावर बोर्डो मिश्रणाचा निळसर थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

जोतं

सांगलीकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर नुसत्या विटा ठेवून चौकट उभी केली तर पहिल्याच मेमध्ये दाराची चौकट वाकडी होते, कडी लागेनाशी होते आणि फटीतून मुंगूस आत येतं. मुरूम लागेपर्यंत खोदा. दोन फुटांवरही मुरूम लागला नाही तर तिथे थांबा, सहा इंच मुरूम भरा आणि पाणी मारून धुम्मसाने ठोका. साताऱ्याकडे मुरूम बहुधा फूट-दीड फुटावरच लागतो.

चर एक फूट रुंद, सगळीकडून ३२ फूट. तळाला सहा इंच १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, त्यावर नऊ इंची विटांची भिंत: जमिनीखाली एक फूट, वर नऊ इंच. सहा खांबांच्या जागी (चार कोपरे आणि दोन्ही लांब बाजूंचे मध्य) वीट न लावता नऊ इंच चौरस काँक्रीट ओता आणि त्यातच १२ मिमीचे बोल्ट उभे करून घ्या. विटेत ठोकलेला अँकर बोल्ट पहिल्या वादळातच हलतो. याला साधारण ६०० विटा, ७ पोती सिमेंट आणि पाव ब्रास वाळू लागते. पाण्याला वाट हवी, म्हणून पूर्वेकडच्या भिंतीत आतल्या खडीच्या पातळीला तीन इंची पाइपचा तुकडा बसवा आणि त्याच्या बाहेरच्या तोंडाला जाळी लावा.

आता आतला तळ. घूस दीड-दोन फूट सहज खोदते, त्यामुळे भिंतीवर विसंबू नका. आतल्या पूर्ण जमिनीवर वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी तारजाळी) अंथरा आणि कडा भिंतीलगत चार इंच वर वळवून सिमेंटमध्ये गाडा. त्यावर चार इंच खडी (साधारण १५ घनफूट), त्यावर आठ इंच माती: तीन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग कोकोपीट. मादी असेल तर एका कोपऱ्यात दोन फूट × तीन फूट जागेत मातीची जाडी दीड फूट ठेवा. नर जवळ नसला तरी वयात आलेली मादी अंडी घालते. खणायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि मादी त्याने मरू शकते.

चौकट

इथे फॅब्रिकेटरशी बोलणं होतं, तेव्हा मापं पाठ असू द्या. मुख्य चौकटीला दीड इंची चौकोनी पाइप, २ मिमी जाडीचा. लागणारी लांबी अशी: पूर्वेचे तीन खांब ८ फुटी, पश्चिमेचे तीन ७ फुटी, वर-खाली मिळून १० फुटी चार आडवे, ६ फुटी चार आडवे आणि छताच्या मधोमध एक ६ फुटी. बेरीज ११५ फूट, म्हणजे २० फुटी सहा नग बरोबर बसतात असं वाटतं. पण छताचे तिरपे तुकडे सहा फुटांहून इंचभर जास्त लागतात आणि कटिंगची पातीही माप खाते. सात नग घ्या. मधल्या पट्ट्या, दारं आणि दाराबाहेरच्या कोठडीसाठी (ती खाली येते) एक इंची, १.६ मिमीचा पाइप सहा नग. सगळं मिळून लोखंड १४० ते १५० किलो भरतं. फॅब्रिकेटर किलोवर दर लावतो, तेव्हा बिलात दोनशे किलो दिसले तर विचारा. १.२ मिमीचा पाइप स्वस्त पडतो, पण वेल्डिंगला भोकं पडतात आणि तिथूनच गंज धरतो.

खांब मातीत गाडायचे नाहीत. प्रत्येकाखाली सहा इंच चौरस, ६ मिमीची प्लेट वेल्ड करून ती जोत्यावरच्या बोल्टवर कसा. मधली आडवी पट्टी जोत्यापासून बरोबर ४ फुटांवर, कारण जाळीचा पन्हा ४ फुटांचा असतो आणि जोड पट्टीवरच यायला हवा. छताच्या उघड्या भागातही पूर्वेच्या कडेपासून ४ फुटांवर एक पट्टी. जाळी लावण्याआधी सगळ्या चौकटीला रेडऑक्साइडचा एक हात आणि ऑइलपेंटचे दोन हात द्या. रंग वाळल्यावर आठवडाभर उघडा सोडा. ताज्या रंगाच्या वासात प्राणी सोडायचा नाही.

दार एकेरी नको. उत्तरेच्या बाजूला, पूर्वेच्या कोपऱ्याजवळ, ३ फूट × ३ फूट, साडेसहा फूट उंच अशी जाळीची कोठडी काढा. बाहेरचं दार लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. दोन्ही दारं आत उघडणारी, स्प्रिंगची, आणि कडी-कोयंडा दोन्ही बाजूंनी लागेल असा. इग्वाना दारावरच बसलेला असतो आणि दार उघडताच खांद्यावरून झेप घेतो. ही कोठडी नसेल तर तो अर्ध्या मिनिटात शेजारच्या आंब्यावर असतो.

जाळी

जीआय (जस्ताचा थर दिलेली) वेल्डमेश, भोक एक इंच × अर्धा इंच, तार १४ गेज. तळ, तीन बाजू, अर्ध छत आणि कोठडी मिळून धावती ९५ फूट लागते, म्हणून ४ फुटी पन्ह्याची ५० फुटांची दोन बंडलं. पीव्हीसीचा थर असलेली मिळाली तर उत्तम, नाक कमी सोलतं.

कोंबड्यांची षटकोनी जाळी वापरू नका. ती पीळ घातलेली असते, एक तार तुटली की उसवत जाते, आणि मुंगूस ती दाताने फाडतं. डासांची ॲल्युमिनियम जाळी इग्वानाच्या नखांसमोर महिनाभरही टिकत नाही. दोन इंची भोकाच्या जाळीत तो डोकं घालतो आणि मानेपाशी अडकतो.

जाळी चौकटीला वेल्ड केली तर त्या ठिकाणचं जस्त जळतं आणि पावसाळ्याअखेर तिथे तांबूस ठिपके दिसू लागतात. त्यापेक्षा २० × ३ मिमीच्या पट्टीखाली जाळीची कड दाबा आणि दर सहा इंचांवर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारा. कापलेल्या तारांची टोकं पट्टीखाली पूर्ण झाकली गेली की नाही, हे उघडा तळहात कडेवरून फिरवून तपासा. तुमच्या हाताला जे टोचतं ते त्याचं बोट कापतं. नवी जाळी लावण्याआधी व्हिनेगरच्या पाण्याने घासून धुवा. जस्ताचे सुटे कण चाटण्यातून पोटात जातात.

तळापासून दीड फूट उंचीपर्यंत जाळीला बाहेरून पत्रा किंवा दाट हिरवी जाळी लावा. बाहेरचं कुत्रं, मांजर दिसत राहिलं की इग्वाना दिवसभर जाळीवर नाक घासतो आणि वरचा ओठ सोलून निघतो. ही जखम भरत नाही, कारण तो रोज तेच करतो.

कराड, पाटण, शिराळ्याकडे उसात बिबट्याचा वावर असतो, आणि डोंगरालगत वानरांची टोळी पिंजऱ्याच्या छतावर उतरते. वानरं जाळी फाडत नाहीत, पण प्राणी दोन दिवस खात नाही. बिबट्यासाठी १४ गेजची जाळी पुरेशी नाही. तिथे रात्री प्राणी बंद खोलीतच हवा, आणि खोलीलाही कुलूप.

छत आणि पश्चिमेची भिंत

दोन्हीसाठी ५० मिमीचं पफ पॅनल घ्या. साधा पत्रा मेमध्ये हात ठेवता येणार नाही एवढा तापतो, आणि इग्वानाला सगळ्यात उंच जागी, म्हणजे नेमकं पत्र्याला पाठ लावूनच बसायचं असतं. पॅनल एक मीटर रुंद येतं. भिंतीला ७ फुटी तीन पॅनल शेजारी लावली की ९ फूट १० इंच होतात आणि उरलेले दोन इंच कोपऱ्याच्या फ्लॅशिंगखाली (फट झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीखाली) जातात. छताला ८ फुटी दोन. त्यांना पश्चिमेला आणि उत्तरेला दीड फूट, पूर्वेला जेमतेम अर्धा फूट बाहेर काढा. पॅनलच्या नागमोडी कडेखाली जी भोकं राहतात ती फोमच्या पट्टीने बुजवा. या भोकांकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि उंदीर तिथूनच येतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण आणि उत्तर बाजूंना गुंडाळता येतील असे ताडपत्रीचे पडदे बांधा. ऊन पडलं की वर, सर आली की खाली. चार महिने कायमचे खाली सोडून ठेवले तर आत बुरशी धरते.

रात्रीची खोली

वायव्य कोपऱ्यात, पॅनलच्या छताखाली, जमिनीपासून चार फूट उंचीवर अँगलच्या ब्रॅकेटवर बसवा. माप ४ फूट × ३ फूट × अडीच फूट. बाहेरून १२ मिमीचं मरीन प्लाय, मधे २५ मिमी थर्माकोल, आतून ६ मिमी प्लाय. बाहेरच्या कवचाला ८ × ४ ची दोन शीट पुरतात. शेवटची एक बाजू दोन तुकडे जोडून करावी लागते, तेव्हा सुताराला आधीच सांगा. थर्माकोल कुठेही उघडा राहता कामा नये. इग्वाना तो खातो आणि आतडं तुंबतं.

ये-जा करायला १२ × १० इंचाचं तोंड, त्यावर जाड पीव्हीसीच्या पट्ट्यांचा पडदा आणि बाहेरून सरकवायचं झाकण. बाहेरच्या बाजूने, कोठडीतून हात पोचेल असं साफसफाईचं वेगळं दार ठेवा. तोंडापर्यंत तीन-चार इंच जाडीची फांदी तिरपी लावा.

ऊब किती लागते याचा हिशेब सोपा आहे. साताऱ्यात जानेवारीच्या रात्री पारा १० ते १२ अंशांवर उतरतो, सांगलीत दोन-तीन अंश जास्त. आत २५ अंश हवेत, म्हणजे फरक १५ चा. वर सांगितलेल्या जाडीच्या खोलीतून एवढ्या फरकाला ८० ते ९० वॅट ऊब बाहेर जाते, आणि फटींमधून जाते ती वेगळी. १०० वॅटचे दोन सिरॅमिक हीटर लावा: एक गेला तरी दुसरा रात्र निभावून नेतो. एकच २५० वॅटचा लावू नका. तो गेला की पहाटेपर्यंत कुणाला कळत नाही. सिरॅमिक हीटरला उजेड नसतो, त्यामुळे झोप मोडत नाही. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. हीटरभोवती जाळीचा पिंजरा आणि प्राण्याच्या पाठीपासून किमान १२ इंच अंतर हवं. भाजत असलं तरी इग्वाना तिथून उठत नाही, पोटाखालून किंवा पाठीवर मिळणाऱ्या अतिउष्णतेची जाणीव त्याला उशिरा होते.

अंडी उबवण्याच्या मशीनला लावतात तो डिजिटल थर्मोस्टॅट चालतो. मिरज-सांगलीत पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. २४ ला सुरू, २७ ला बंद. सेन्सर हीटरखाली लटकवला तर तो लगेच तापतो, हीटर बंद होतो आणि खोली थंडच राहते. सेन्सर प्राणी जिथे झोपतो त्या उंचीला, हीटरपासून दूरच्या भिंतीवर, नळीत घालून बसवा.

वीज घरातून तीन वायरी, दीड चौरस मिमी, पाइपमधून आणा. ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच) आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय हा भाग सुरू करू नका. पाणी, लोखंडी जाळी आणि वीज एकाच जागी आहेत. रात्री वीज जाते त्या गावात हे दोन हीटर इन्व्हर्टरवर घ्या.

प्राणी सोडण्याआधी खोली आठवडाभर रिकामी चालवा आणि आत किमान-कमाल दाखवणारा तापमापक ठेवा. रोज सकाळी किमान २३ च्या खाली दिसलं तर आधी फटी बुजवा, मग हीटर वाढवा.

थंडीत सकाळी बाहेर २२-२३ अंश होईपर्यंत झाकण उघडू नका. डिसेंबर-जानेवारीत साडेनऊ-दहा वाजतात. दिवसा इथे २८-३० होतंच. मूळच्या उष्ण प्रदेशातला हा प्राणी दहा अंशांच्या खाली गारठून हलेनासा होतो. फ्लोरिडात जानेवारी २०२० मध्ये हवामान खात्याने झाडांवरून इग्वाना खाली पडू शकतील अशी सूचनाच काढली होती.

आतली मांडणी

दक्षिणेच्या उघड्या भागात, जोत्यापासून पाच फुटांवर, एक फूट रुंदीची फळी. ही उन्हाची जागा. तिथे सकाळी ३५ ते ३८ अंश मिळायला हवेत. त्याच उंचीवर, पण उत्तरेच्या सावलीत, दुसरी फळी. उंच जागा फक्त उन्हातच असेल तर दुपारी तो उन्हातच बसून राहतो, कारण त्याला उंचीवर सुरक्षित वाटतं. चार फूट खाली उतरून सावली शोधण्यापेक्षा तो तोंड उघडून धापा टाकणं पसंत करतो.

फांद्या त्याच्या अंगाएवढ्या जाड: आंबा, पेरू, चिंच, किंवा काटे काढलेली बाभूळ. दोन्ही टोकांना यू-बोल्ट. पाच किलोचा प्राणी उडी मारतो तेव्हा सुतळीने बांधलेली फांदी फिरते आणि तो खाली येतो. कण्हेर, रुई, शेर, धोतरा, एरंड, घाणेरी आणि डिफेनबाखिया आतही नको, आणि जाळीतून तोंड पोचेल इतक्या जवळ बाहेरही नको. अंगणाच्या कुंपणाला शेराची झुडपं असतील तर पिंजरा त्यांच्यापासून चार फूट लांब. आत जास्वंद लावा; सावली मिळते आणि पानं-फुलं तो खातो. कोवळ्या रोपाचा पहिल्या दिवशीच फडशा पडेल, म्हणून आधी सहा महिने बाहेर वाढवून मग आत आणा.

पाण्याला दोन फूट × तीन फूट, नऊ इंच खोल सिमेंटचं टाकं, तळाशी दोन इंची पाइप आणि बूच. इग्वाना पाण्यातच घाण करतो, त्यामुळे पाणी रोज बदलायचं. बूच नसेल तर ते टाकं चौथ्या दिवशी उपसायला जीवावर येतं, आठव्या दिवशी त्यात डासांच्या अळ्या असतात.

पाला सकाळी दहाच्या सुमारास, अंग तापल्यावर. शेवगा, तुती, हादगा, जास्वंद, थोडा लसूणघास, किसलेला लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अंडी, मांस, मांजराचं खाणं अजिबात नको. वाढ जोरात दिसते आणि मूत्रपिंडं जातात.

उन्हाळा आणि झड

सांगलीत मेमध्ये ४० पार होतं. मार्चअखेरपासून उघड्या छतावर ५० टक्क्यांची शेडनेट सरकत्या तारेवर बसवा आणि फक्त ११ ते ४ ओढा; सकाळचं ऊन मोकळं राहू द्या, कारण शेडनेट यूव्हीबीही कापते. ठिबकच्या दुकानातून एक चार तोंडी फॉगर घ्या. तो गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर धुकं करत नाही, नुसता टपकतो. त्याला तीन-चार किलोचा दाब लागतो, म्हणून छोटा बारा व्होल्टचा डायफ्राम पंप जोडा. दुपारी तासातून पाच मिनिटं पुरे. हवा कोरडी राहिली तर कात तुकड्यातुकड्याने निघते, बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर कड्यासारखी राहून आवळते, आणि ते बोट काळं पडून गळतं. अशी कड कोमट पाण्यात भिजवून सोडवा, ओढू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्या काळासाठी सावलीतल्या फळीच्या वर, १२ ते १५ इंचांवर, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची दोन फुटी यूव्हीबी ट्यूब आणि शेजारी १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब. ट्यूबला मधे काच किंवा ॲक्रिलिक नको. वर्षभराने ती पेटते तशीच, पण यूव्हीबी पुरेसं देत नाही. बसवल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहा.

प्राणी सोडताना

अडीच फुटांपेक्षा लहान पिल्लू या पिंजऱ्यात एकटं सोडू नका. त्याची ऊब लवकर उतरते आणि एवढ्या जागेत त्याला पाला सापडत नाही. ते घरात वाढवा, उन्हापुरतं समोर बसून बाहेर आणा. मोठ्याला थंडी संपल्यावर, फेब्रुवारीअखेर, सोडा. पहिले चार दिवस तो खाणार नाही, कोपऱ्यात जाळीला चिकटून राहील. संध्याकाळी पाचला त्याला उचलून रात्रीच्या खोलीत ठेवा आणि झाकण लावा. दोन-तीन आठवड्यांत तो स्वतः जाऊ लागतो, पण मोजून झाकण लावायची सवय तुम्ही सोडू नका.

हात लावल्यानंतर साबणाने धुवा, आणि त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासू नका. इग्वानाच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर धोका जास्त. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसतात. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तिथे किंवा पुण्यात कोण बघतं, हे प्राणी निरोगी असतानाच विचारून नंबर लिहून ठेवा.

महिन्यातून एकदा स्क्रू, कड्या आणि तळाची माती पाहा. भिंतीलगत ताजी उकरलेली माती दिसली तर घूस कामाला लागली आहे. लाल मुंग्या आत आल्या तर पावडर मारू नका. वारुळात उकळतं पाणी ओता आणि खाल्लेला पाला रोज संध्याकाळी उचला.

आणि सुटलाच, तर जमिनीवर शोधत बसू नका. तो सगळ्यात जवळच्या, सगळ्यात उंच झाडावर असतो. दिवसा हिरव्यात दिसत नाही. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन फांद्यांची टोकं तपासा, झोपलेला इग्वाना फिकट दिसतो आणि हलत नाही. जागा नक्की करा, पहाटे गारव्यात शिडी लावा आणि ऊन चढायच्या आत कापडी पोत्यात घ्या; नऊनंतर तो तुमच्या हाती लागत नाही. दोन दिवसांत सापडला नाही तर वनविभागाला कळवा आणि आजूबाजूच्या घरी फोटो द्या, नाहीतर लोक घोरपड समजून हाकलतात किंवा मारतात.